आर्क्टिक टुंड्रातल्या नोंदी: या चुका टाळा

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं नी-ओलेसुंड हे संशोधन-गाव जवळजवळ ७९ अंश उत्तरेला आहे. २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथे आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ हिवाळ्यातही तिथे काम करू लागले. अशा ठिकाणच्या हवा, माती आणि हिमाच्या नोंदी हाताळताना सर्वांत घातक चूक एकच: विचित्र आकडा दिसला की बिघाड समजून तो पुसून टाकणं.

मातीचंच घ्या. थंडीच्या सुरुवातीला हवा उणे दहावर गेली, तरी जमिनीतला तापमापक कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे शून्यावरच थांबतो. तो बंद पडलेला नसतो. मातीतलं पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बरंचसं पाणी गोठेपर्यंत तापमान खाली उतरत नाही. हा सपाट टप्पा किती लांबला, यावर मातीतला ओलावा आणि वरच्या हिमाचं पांघरूण या दोन्हींची छाप असते. शिवाय पुरलेला सेन्सर तपासण्याची हीच संधी. सपाट रेषा ०.२ वर दिसली, तर सेन्सर तेवढं जास्त दाखवतोय.

त्याच सुमारास ओलाव्याचा आकडा धाडकन खाली येतो. माती वाळली, असा निष्कर्ष काढू नका. सेन्सरला मुख्यतः द्रवरूप पाणीच कळतं, गोठलेलं नाही.

हिमाची खोली ध्वनिलहरींनी, म्हणजे वर बसवलेल्या सेन्सरपासून हिमापर्यंतचं अंतर प्रतिध्वनीच्या वेळेवरून काढून मोजत असाल, तर हवेच्या तापमानाची दुरुस्ती केलीच पाहिजे. उणे ३० अंशांना ध्वनीचा वेग शून्य अंशापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. दुरुस्ती राहिली, तर दोन मीटर अंतरामागे हिम १२ सेंटीमीटर कमी भरतं. टुंड्रावरचा हिमाचा थर मुळातच पातळ, तिथे ही चूक फार मोठी.

३० जानेवारी २०१२ रोजी, ऐन ध्रुवीय रात्रीत, नी-ओलेसुंडला एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस पडला. ‘जानेवारीत पाऊस अशक्य’ असं मानणाऱ्या संगणकीय चाळणीने ही नोंद फेकून दिली असती. अशा पावसाचं पाणी झिरपून जमिनीलगत बर्फाचा कडक थर बनतो आणि रेनडिअरचा चारा त्याखाली अडकतो. खोली मोजायची सळईसुद्धा या थरावर अडते. जमीन लागली असं समजून तिथेच आकडा लिहू नका, खड्डा खणून थर डोळ्यांनी पाहा.

खणताना एकाने मात्र पाळतीवर उभं राहायचं. तिथे पांढरी अस्वलं फिरतात.