सड्याच्या कडेला, छापाच्या घरात

राजापूर तालुक्यातल्या एका जुन्या कौलारू घरात आम्ही आठजण मिळून राहतो आणि छपाई करतो. पोस्टर, पुस्तिका, कापडी फलक असे जे लागेल ते स्वतः रेखाटतो, स्वतः छापतो आणि सडे (म्हणजे कातळाची उघडी पठारे), कातळशिल्पे, पाणी या प्रश्नांवर झटणाऱ्या गावकऱ्यांच्या हाती देतो. कला महाविद्यालयातून बाहेर पडून मी इथे आले, त्याला चार वर्षे झाली. येऊ इच्छिणारी मुले-मुली मला नेहमी विचारतात की चित्रकला कितपत यायला हवी. त्यांना मी आधी पाण्याविषयी सांगते.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये लाकडी चौकटीवर जाळी ताणून बसवतात आणि तिच्यावर मंद पिवळ्या उजेडात इमल्शनचा पातळ थर देतात. तो सुकला की पारदर्शक कागदावरचे काळे चित्र वर ठेवून प्रखर उजेड द्यायचा. उजेड लागतो तिथला थर कडक होतो, चित्राखालचा मात्र पाण्याने धुऊन निघतो आणि त्या मोकळ्या जाळीतून शाई उतरते. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की थर कच्चाच राहतो आणि धुताना चित्रासकट वाहून जातो, म्हणून ते चार महिने आम्ही कागद कापून केलेल्या स्टेन्सिलवर भागवतो. एप्रिल-मे महिन्यांत शाई जाळीतच सुकू लागते, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. त्यामुळे पहिल्या धुण्याचे पाणी पिंपात निवळू देऊन पुन्हा वापरायचे, आणि शाईचा गाळ विहिरीच्या आसपास कधीही ओतायचा नाही, हे इथे सगळ्यांत आधी शिकावे लागते.

स्वयंपाक, झाडलोट आणि पाणी भरणे यांच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या असतात. पगार कोणालाच नाही. दरमहा प्रत्येकजण आपला वाटा घालतो, आणि त्यासाठी मी आंब्याच्या पेट्यांची लेबले करून देते. उत्पन्नाची अशी एखादी वाट आधीच शोधून ठेवावी, कारण पैशाची ओढाताण सुरू झाली की माणसे वर्षभरातच निघून जातात, हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक पहिल्याच वर्षातली आहे. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी इथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर प्राचीन आकृत्या कोरलेल्या आहेत. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या पोटात तर इतर अनेक प्राणी दिसतात. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, म्हणून मी एक पोस्टर केले आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘ओसाड सड्यावरचा ठेवा’ असे लिहिले. घरातल्या सगळ्यांना ते आवडले आणि आम्ही दीडशे प्रती छापल्या. वाडीत वाटायला गेलो तेव्हा एका काकींनी ते हातात घेऊन शांतपणे विचारले, “ओसाड कुठं आहे गं?” मग त्या मला सड्यावर घेऊन गेल्या. पावसानंतर गुरांसाठी गवत कुठून कापतात, त्याची उडवी कुठे रचतात, भाद्रपदात सीतेची आसवे आणि तेरडा कोणत्या खाचेत फुलतो, हे सगळे त्यांनी चालता चालता दाखवले. सातबाऱ्यावर असल्या जमिनीपुढे ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असे लिहिलेले असते, आणि इथे काहीच नाही असे म्हणत प्रकल्प आणणाऱ्यांना तेवढा शब्द पुरतो. तोच अर्थ मी सुबक अक्षरांत छापून गावात आणला होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणाला विरोध करताना बायका उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा मला त्या काकींचा प्रश्न पुन्हा आठवला.

त्या प्रती आम्ही वाटल्या नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर आजही चाचणीचे छाप काढतो. आता ज्यांच्या जमिनीविषयी किंवा पाण्याविषयी मजकूर असेल त्यांच्या ओटीवर बसून तो आधी मोठ्याने वाचतो, कारण म्हाताऱ्या माणसांना बारीक अक्षर दिसत नाही आणि खटकणारा शब्द ऐकताना चटकन कळतो. यात दोन-तीन दिवस जास्त जातात. ग्रामसभेलाही आम्ही जातो, पण मागे बसून ऐकतो. बोलण्याचा हक्क गावकऱ्यांचा आहे असे मला मनापासून वाटते.

यायचे असेल तर भातकापणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर यावे. तेव्हा हवा कोरडी असते, विहिरीला पाणी असते आणि लोकांना बोलायला सवड असते. सोबत विजेरी, जुने सुती कपडे आणि सड्यावर चालता येईल अशी जाड तळव्याची पादत्राणे आणावीत. पहिला पंधरवडा जाळ्या धुण्यात आणि पाणी भरण्यात जाईल. छपाईला त्यानंतर बसायचे.