दोन शेळ्या घेताय? मग एक टेप आणि एक वही पण घ्या

शेळीपालनाचे व्हिडिओ बघितले की आधी शेडच दिसतं, पत्रा, लोखंडी अँगल, फळ्यांचा उंच माळा आणि मागं म्युझिक, मग बाईला वाटतं एवढा पैसा आणायचा कुठनं, राहू दे. मी म्हणते शेड नंतर. आमच्या दुष्काळी पट्ट्यात माण, आटपाडी, सांगोला, जत कुठंही बघा, शेळ्या बायकाच सांभाळतात, चारा-पाणी, लेंड्या काढणं, आजारपण सगळं त्यांच्याकडं, आणि विकायच्या दिवशी हेडी, म्हणजे शेळ्या विकत घेणारा दलाल, दारात आला की बोलणी करायला मालक नाहीतर सासरे पुढं. पैसा एक तिथं गळतो आणि दुसरा करडं मरण्यात गळतो. म्हणून या दोन गोष्टींवरच जास्त लिहिते, बाकी पटकन.

शेळी शक्यतो बाजारातनं घेऊ नका. बाजारात आलेली शेळी का काढली हे कोण सांगत नाही. आसपासच्या गावात कुणाच्या घरची, दोन नाहीतर चार दाती, म्हणजे वर्ष-दोन वर्षांची, जिच्या आईला जुळी होतात अशी बघा. उस्मानाबादी आपल्याकडं टिकते, जुळी पण बऱ्यापैकी देते. कास दाबून बघायची, गाठ नको, दोन्ही सडातनं धार यायला पाहिजे. घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवस जुन्या शेळ्यांपासून लांब बांधा.

जागा कोरडी पाहिजे, बस. एका मोठ्या शेळीला साधारण 10 चौरस फूट धरा, खाली मुरूम, वारं येतंय त्या बाजूला पोती. शेवरी, सुभाभूळ बांधावर लावून ठेवा, पण नुसत्या सुभाभळीवर ठेवू नका, केस गळतात. तुरीचा नाहीतर हरभऱ्याचा भुसा फेकू नका. आणि हे नीट ऐका, लग्नातला उरलेला भात, जत्रेतल्या चपात्या, नाहीतर खळ्यावरची ज्वारी शेळीनं पोटभर खाल्ली तर पोट आंबतं आणि चांगली धडधाकट शेळी एका दिवसात जाते, लोक म्हणतात नजर लागली, नजर बिजर काय नसतं.

आता करडं. शेळी फळल्यापासून, म्हणजे बोकड लागून गाभ धरल्यापासून, पाच महिन्यांनी विते, म्हणजे तारीख वहीत लिहिली की कधी विणार ते कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळली तर करडं ऐन चिखलात येतात, हगवण आणि न्यूमोनियानं जातात. मे-जूनला फळली की ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात, हिरवा पाला असतो, शेळीला दूध असतं. बोकड गावातला वापरत असाल तर तो आपल्याच शेळीचा भाऊ किंवा पोरगा नाही ना एवढं विचारा.

व्याली की करडाचं नाक-तोंड फडक्यानं पुसा, नाळ पोटापासून दोन बोटं सोडून दोऱ्यानं बांधा, उकळलेल्या ब्लेडनं कापा, टिंक्चर आयोडीन लावा. आणि चीक पाजा, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात. वार (जार) पडल्याशिवाय पाजू नये असं काही सासवा अजून म्हणतात, त्यांचं ऐकून गप्प बसू नका, वार पडायला कित्येक तास लागतात आणि तोवर करडू गार पडतं. अडीच किलोचं करडू असेल तर पहिल्या दिवसात पाव लिटर चीक पोटात जायला पाहिजे, थोडा थोडा करून. जुळ्यातलं बारकं करडू मागं ढकललं जातं, त्याला हातानं धरून सडाला लावा. रात्री डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली), खाली कोरडा भुसा.

आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन शेळी अचानक मरते त्या रोगाची, लस पावसाळ्याच्या आधी, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस करडू तीन-चार महिन्यांचं झालं की. जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर, पण गाभण शेळीला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, काही औषधांनी गाभ बिघडतो. मधल्या काळात खालची पापणी ओढून बघा, आतनं लालबुंद असेल तर ठीक, पांढरट असेल तर पोटात जंत रक्त पितायत असं बहुतेक वेळा निघतं. गावात उमेदची (बचत गटांचं सरकारी अभियान) पशुसखी, म्हणजे जनावरांच्या कामाचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई, असेल तर तिला बोलवा, नाहीतर फिरत्या दवाखान्याचा नंबर 1962.

आता हेडी. तो शेळीच्या कमरेवर हात ठेवतो आणि आकडा टाकतो, तो आकडा त्याचा. तुम्ही शिलाईचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10840, आलं ते किलो. घेर 70 आणि लांबी 60 असेल तर 27 किलो. अंदाजच आहे, पण नजरेच्या अंदाजापेक्षा बरा, काटा मिळाला तर अजून बरं. जिवंत वजनाच्या निम्म्याला जरा कमीच मटण पडतं, म्हणजे 12-13 किलो. समजा गावात मटण 700 रुपये किलो, तर साडेआठ-नऊ हजाराचं मटण झालं, वर मुंडी, पाय, वजडी वेगळी. हेड्याचा गाडीखर्च, नफा जाऊ दे की, पण तो "साडेचार देतो ताई, लई झाले" म्हणाला तर वही पुढं करा.

श्रावणात आणि नवरात्रात विकू नका, आखाडात आणि जत्रांच्या टायमाला भाव चढतो. बकरी ईदला बोकड वर्षाचा पूर्ण, धडधाकट, व्यंग नसलेला लागतो, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, म्हणून पुढच्या ईदची तारीख बघूनच कुठला बोकड राखायचा ते ठरवा. चार-पाच जणींचे बोकड एकत्र झाले तर छोटा टेम्पो करून लोणंद, यवत नाहीतर चाकणच्या बाजाराला नेता येतात, गाडीभाडं वाटून जातं आणि भाव आपल्या कानानं ऐकायला मिळतो.

सरकारी योजनेत 10 शेळ्या 1 बोकड असा गट मिळतो, अनुसूचित जाती-जमातीला 75 टक्के आणि बाकीच्यांना 50 टक्के अनुदान. अर्ज पशुसंवर्धन खात्याच्या महाबीएमएस पोर्टलवर ऑनलाइन. अर्ज बाईच्या नावानं करा, खातं बाईचं, विमा बाईच्या नावाचा, आणि मोबाईल नंबर पण स्वतःचाच टाका, कारण निवड झाल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो. शेळी मेली तर कानातला बिल्ला कापून फेकू नका, फोटो काढा, विमावाले बिल्लाच मागतात.