शाळेनंतरचे वर्ग चालवणाऱ्यांचा गट कसा उभा करावा

शिकवणीच्या बाई, तबल्याचे सर, नाट्यवर्ग घेणारे, दुपारचं पाळणाघर चालवणाऱ्या ताई, सगळ्यांची यादी आधी करा. गोव्यात फोंडा असो की डिचोली, शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या आयांना विचारलं की ती आठवड्याभरात होते.

मग पहिली बैठक. गाडी अडते ती इथेच. ‘आधी संस्था नोंदवा’ हा सल्ला ऐकून माझे कान किटले आहेत. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याला सात सभासद पुरतात, खरं आहे. पण त्या सातांनाही पद हवं असतं, आणि मुलांचा विषय निघण्याआधी घटनेवरून वाजतं. पंचायतीचं सभागृहही नको. पंच येतात, समई पेटते, भाषणांत संध्याकाळ जाते. कुणाच्या तरी वर्गातच सतरंजीवर बसा.

फी आणि पटसंख्या यांचं नाव काढू नका. समोरचा आपली मुलं पळवील ही भीती प्रत्येकाला असते, मलाही होती. विचारायचं एवढंच: वार, वेळ, वयोगट आणि वाडा, म्हणजे गावातली वस्ती. भिंतीवर मोठा कागद लावा आणि ज्याचं त्याला लिहू द्या. तुम्ही लिहायला बसलात की ती तपासणी वाटते, लोक आखडतात.

कागद भरला की एका वाड्यावर संध्याकाळी पाचला तीन शिकवण्या दिसतात, आणि दीड ते चारचा रकाना रिकामा. गोव्यात बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. नोकरीवरचे आईबाप पणजी-वेर्ण्याहून परततात संध्याकाळी. गरज त्या रिकाम्या रकान्यात आहे. शिवाय बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी शाळेची बस, शाळा सुटताच निघतो, मग मागे थांबलेलं मूल घरी कसं जाणार? एकट्या बाईंना रिक्षा परवडत नाही, चौघांत परवडते. ती रिक्षा ठरली की गट झाला, अध्यक्ष असो वा नसो.

पुढचं सोपं आहे: व्हॉट्सअ‍ॅप गट, आजारपणात एकमेकांचे वर्ग सांभाळणं, महिन्याला एक बैठक. चतुर्थीच्या दिवसांत तीही नको, कुणी फिरकत नाही.

एका गोष्टीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. मुलांसोबत राहणाऱ्या प्रत्येकाची, रिक्षावाल्याचीसुद्धा, पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सगळ्यांवर बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्याला गटात घेऊ नका, तो कितीही मोठा मास्तर असो.

नोंदणी देणग्या घ्यायची वेळ आली की करा.