दमा असताना गायचा सराव: आधी श्वास सोडायला शिका

गाण्याने दमा बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप (इनहेलर) रोज घ्यायचाच, गाणे त्याच्या जोडीला. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर गुळण्या करा, नाहीतर घसा धरतो. लगेच आराम देणारा पंप पेटीशेजारी ठेवा. उदबत्ती, धूप नको. पावसाळ्यात गोव्यातल्या भिंतींना बुरशी धरते, म्हणून कोरडी खोली निवडा.

छातीत शिट्टी वाजते, बोलताना वाक्य तुटते, त्या दिवशी गायचे नाही. पंपाने उतार पडला नाही तर तडक डॉक्टरांकडे.

आता श्वास. इथे मी दोन वर्षे चुकत होते. 'पोटभर श्वास घे आणि सूर धरून ठेव' हा सल्ला दमेकऱ्याला कुणी देऊच नये. दम्यात श्वासनळ्या सुजून आकसतात, त्यामुळे आत गेलेली हवा बाहेर पडायला वेळ लागतो. ती अडकलेली असतानाच वर मोठा श्वास भरला की छाती ताठ होते. एका चवथीला आरतीची शेवटची ओळ लांबवताना माझे खांदे कानांपर्यंत चढले, खोकला सुटला तो घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचे तालवाद्य) थांबले तरी थांबेना, आणि पंप घरी राहिलेला.

म्हणून सुरुवात उलटी करा. ताठ बसा, एक हात पोटावर. ओठांचा चंबू करून, समईची ज्योत हलेल पण विझणार नाही इतक्या हळू श्वास सोडा. मग नाकाने छोटा, आवाज न होणारा श्वास घ्या. त्यावर नेहमीच्या पट्टीखाली 'म' गुणगुणा, मनात चार मोजा आणि थांबा.

श्वास शिल्लक असतानाच थांबायचे. सगळा पिळून काढलात तर पुढचा श्वास तोंडाने झटक्यात आत येतो आणि खोकला जागा करतो. आठवडाभर चारच, मग पाच. आठवर जायला मला तीन महिने लागले. खांदे हलले की आकडा कमी करा.

पुढे आकार, म्हणजे 'आ' लावून सूर, मग सरगम. दहा मिनिटे पुरेत.

भजनाला गेलात तर मागे धरणाऱ्यांत बसा. बुवा ओळ म्हणतात तेवढ्यात तुमचा श्वास जागेवर येतो. आणि बरे वाटू लागले म्हणून पंप परस्पर बंद करू नका. तो कमी करायचा की नाही, हे डॉक्टरच तपासून ठरवतील.