नवतप्याआधीची तयारी: घरातले तीन कॉम्प्युटर आणि खिडकीतला एक रेडिएटर

रेडिएटर कुठे लावायचा ते आधी ठरवा. पंप, ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा), नळ्या यांची खरेदी त्यानंतर. घरातल्या दोन-तीन कॉम्प्युटरना थंड ठेवणारं पाणी एकाच मोठ्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि ती गरमी खोलीबाहेर सोडायची, ही कल्पना सुरेख आहे. खोलीत पंख्यांची घरघर राहत नाही, पायाजवळ गरम हवेचा झोत येत नाही. पण थंड मुलखातल्या सल्ल्यांमध्ये हा रेडिएटर सरळ बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवलेला असतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तोच सल्ला अंगाशी येतो.

कारण साधं आहे. रेडिएटर कितीही मोठा घ्या, त्यावर कितीही पंखे लावा, तो पाण्याला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, सावलीतला पारा 45 ओलांडतो, आणि तापलेल्या स्लॅबवरची हवा त्याहून गरम असते. म्हणजे गच्चीवरच्या रेडिएटरमधून परत येणारं पाणी 50 ते 55 अंशांचं. या कामाचे बरेच पंप 60 अंशांपर्यंतच्याच पाण्यासाठी बनवलेले असतात, आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्या तापमानाला मऊ पडून जोडाशी वाकायला लागतात. एवढा खटाटोप करून दुपारी दोन वाजता पाणी असं चटका देणारं होणार असेल, तर कॉम्प्युटरमधला मूळचा पंखाच बरा.

यावरचा उपाय नागपूरच्या बहुतेक घरांत आधीपासून खिडकीला लटकलेला आहे: कूलर. आपला उन्हाळा कोरडा असतो. बाहेर 44 अंश आणि हवेत आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या ताटीतून जाणारी हवा तत्त्वतः 25 अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात कूलरमधून 28-29 ची हवा मिळते आणि खोली 30-31 वर राहते. कोराडीच्या वीज केंद्राचे शीतलन मनोरेही याच तत्त्वावर चालतात: थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उरलेल्याची उष्णता सोबत नेतं.

आता मुद्द्याची गोष्ट. कूलरने आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवतात. त्या खिडकीतून बाहेर पडणारी हवा 31 अंशांची असते, बाहेरच्यापेक्षा तब्बल 13-14 अंशांनी थंड, आणि ती आपण फुकट बाहेर सोडत असतो. रेडिएटर तिथे बसवा. त्याचे पंखे आतली हवा खेचून बाहेर फेकतील, कॉम्प्युटरची गरमी त्याच हवेबरोबर घराबाहेर जाईल आणि कूलरलाही जोर मिळेल. मुद्दाम वेगळी थंड हवा तयार करावी लागत नाही. माझ्या मते नागपुरात बाहेरच्या वॉटर कूलिंगचा अर्थ हाच, आणि बाकीची सगळी यादी या एका निर्णयातून निघते.

दोन मोह इथे आवरायचे. पहिला, रेडिएटर थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवायचा. तिथली हवा आणखी दोन अंशांनी थंड मिळते हे खरं, पण गरमी सगळी खोलीतच राहते, आणि कूलरमधून उडणाऱ्या बारीक थेंबांनी रेडिएटरच्या पात्यांवर पांढरा क्षार चढतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर एकाच मोसमात ती पाती बुजतील. दुसरा मोह, तांब्याचं वेटोळं कूलरच्या टाकीत बुडवायचा. पाणी झकास थंड होतं, म्हणून हा उपाय हुशारीचा वाटतो. पण टाकीत सोडलेली उष्णता ताटीवाटे त्याच हवेत मिसळते आणि पुन्हा आपल्याच अंगावर येते. शिवाय पावसाळ्यात कूलर बंद झाला की हे वेटोळं कोरडं पडतं आणि सगळी यंत्रणाच निकामी.

खिडकी निवडताना दिशा बघा. उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडकीत रेडिएटर लावला तर लू पंख्यांना उलटा धक्का देईल आणि चारनंतरचं ऊनही थेट पडेल. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी, वर छज्जा असलेली, सगळ्यात चांगली. सुताराकडून खिडकीच्या मापाची प्लायची चौकट करून घ्या, मरीन प्लायची, कारण पावसाचे शिंतोडे येणारच. रेडिएटरभोवतीच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर हवा सोपी वाट शोधते आणि पात्यांमधून जातच नाही. आतल्या बाजूला बारीक जाळी हवी, काढून धुता येईल अशी. आपल्या धुळीत तिची पंधरवड्यातून एकदा धुलाई ठरलेली. ज्यांच्याकडे एसी लावून बंद केलेली खोली आहे, त्यांना ही मांडणी लागू नाही.

मग हिशेब करा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डचे वॅट कागदावर लिहा, कमाल भाराचे. समजा तीन मशीन मिळून 900 वॅट आले. एक टन एसी म्हणजे साधारण 3500 वॅट, म्हणजे ही गरमी पाव टनाची झाली. मिनिटाला 4 लिटर पाणी फिरलं तर 900 वॅटने ते सव्वातीन अंशांनी तापतं. एवढा प्रवाह पुरे, त्याहून जोरात फिरवून फारसं हाती लागत नाही. रेडिएटर मात्र सढळ हाताने घ्या. जर्मनीच्या वॉटरकूल कंपनीचा मो-रा 3 हा बाहेर ठेवायच्या रेडिएटरचा नावाजलेला नमुना आहे. त्याच्या 360 प्रकाराला 120 मिलिमीटरचे 9 पंखे लागतात, 420 ला 140 चे 9. आकाराचा अंदाज यावरून घ्या. एवढं पृष्ठफळ असलं की पंखे हळू फिरवूनही 31 च्या हवेत पाणी 36 ते 38 वर राहतं. रॅम, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डवरचे इतर भाग पाण्याने थंड होत नाहीत, त्यामुळे कॅबिनेटमधला एखादा पंखा राहू द्या.

धातूंबद्दल जरा थांबून बोलतो, कारण इथे झालेलं नुकसान वर्षभराने दिसतं. कॉम्प्युटरचे वॉटर ब्लॉक बहुतेक तांब्याचे असतात, वर निकेलचा मुलामा. गाडीचा रेडिएटर स्वस्तात मिळतो म्हणून लोक तो उचलतात, पण हल्लीच्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजत जातं, पाण्यात राखाडी गाळ येतो, आणि तो ब्लॉकच्या केसाएवढ्या फटींत जाऊन बसतो. जुन्या पद्धतीचा तांबं-पितळेचा रेडिएटर मिळाला तर उत्तम. एसी-फ्रीजचं काम करणाऱ्यांकडे तांब्याच्या नळीचं कॉइल मिळतं. त्याची पाती ॲल्युमिनियमची असली तरी चालतात, कारण पाणी फक्त तांब्याला लागतं. मात्र ते आधी गॅस भरलेल्या यंत्रातून निघालेलं असेल तर आत तेल असतं. आतून धुऊन, सुकवून मगच घ्या. जी.आय.ची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, एकही फिटिंग या लूपमध्ये (पाण्याच्या बंद फेऱ्यात) नको.

फिटिंगसाठी इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत चक्कर मारणार असाल तर एक ब्लॉक खिशात घेऊन जा. ब्लॉकचा आटा पाव इंची, सरळ, म्हणजे जी-पाव मापाचा असतो. दुकानातली पितळी निपल मापाने तीच दिसते, पण बरेचदा तिचा आटा निमुळता असतो. ती दोन वेढे छान बसते, मग घट्ट होते, आणि तुम्ही पाना लावून आणखी अर्धा वेढा दिलात की ॲक्रिलिकला तडा जातो. आट्याची लांबीही बघा. ब्लॉकमधलं भोक जेमतेम 5 मिलिमीटर खोल असतं. कॉम्प्युटरजवळच्या फिटिंग त्या कामासाठीच बनवलेल्या घ्या. बाजारातलं पितळ फक्त मुख्य लाइनवर वापरा. ओ-रिंगला, म्हणजे जोडातल्या रबरी कडीला, डिस्टिल्ड पाण्याचा थेंब लावून हातानेच आवळा. इथे पकडीचं काम नाही.

तीन मशीन एकामागे एक जोडू नका. पहिल्याचं गरम पाणी तिसऱ्याला मिळतं, आणि एक खोलायचं तर तिन्ही बंद. जाणारी एक जाड लाइन, येणारी एक जाड लाइन, आणि मधून प्रत्येक मशीनला वेगळी शाखा, अशी जोडणी करा. प्रत्येक शाखेच्या दोन्ही टोकांना बॉल व्हॉल्व्ह आणि झटकन सुटणारे कपलर लावा. कुठल्या शाखेला अडथळा कमी आहे त्यावर पाणी कमी-जास्त वाटलं जातं, म्हणून प्रत्येक शाखेत छोटा फ्लो मीटर हवा. व्हॉल्व्ह थोडा-थोडा फिरवून तिन्ही सारखे करता येतात. नळी काळी, ईपीडीएम रबराची: आत उजेड जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही, आणि पारदर्शक पीव्हीसीसारखी वर्षभरात धुरकट होत नाही. भिंतीतून न्यायची असेल तर एसीच्या पाइपसाठी भोक पाडणाऱ्याला बोलवा, भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायला सांगा आणि आत पीव्हीसीचा तुकडा घाला, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीतून आत झिरपतं.

पंपाला स्वतःचा 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या. तो एखाद्या कॉम्प्युटरमधून घेतला तर ते मशीन बंद केल्याक्षणी बाकीच्या दोघांचं पाणी थांबतं. कूलरचा पंप इथे कामाचा नाही. तो 230 व्होल्टवर पाण्यात बुडून चालतो, आणि बंद लूपमधला अडथळा ढकलण्याएवढा दाब त्याला येत नाही. वॉटर कूलिंगसाठीच्या डी-5 जातीचे दोन पंप एकामागे एक लावले की एक थांबला तरी दुसरा पाणी पुढे नेतो. पंपाचा पुरवठा यूपीएसवर टाका, कारण उन्हाळ्यात लाइट जाणं आपल्याला नवीन नाही. पंपाच्या वेगाची तार एकाच मदरबोर्डला जोडता येते, तेव्हा बाकीच्या मशीनमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर लावा आणि पाणी 50 च्या वर गेलं की मशीन आपोआप बंद होईल असं ठरवून ठेवा. घराच्या अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि या खोलीच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच हवा.

पाणी डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं तेच, फक्त डब्यावर ॲसिडचा उल्लेख नाही हे वाचून घ्या. आरओचं पाणी पिण्याला ठीक, इथे नाही. त्यात क्षार उरलेले असतात. लूपमध्ये 4-5 लिटर मावेल, पण आधी दोनदा धुवायला तेवढंच-तेवढंच लागतं, म्हणून 15 लिटर आणून ठेवा. त्यात गंजरोधक आणि जंतुरोधक टाका किंवा तयार कूलंट घ्या. घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं.

भरण्याआधी हवेने तपासा. सायकलच्या पंपाला दाबमापक लावून अर्धा बार, म्हणजे 7 पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि अर्धा तास काटा बघा. हे काम पहाटे करा. खोली तापत असताना आतली हवाही फुगते आणि बारीक गळती काट्यावर दिसत नाही. मग पाणी भरा. लूपची पाणी भरायची टाकी पंपाच्या वर असू द्या, पंप क्षणभरही कोरडा फिरवू नका, रेडिएटरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवा सोडायचा स्क्रू आणि सगळ्यात खालच्या टोकाला निचऱ्याचा नळ ठेवा. कॉम्प्युटरचे प्लग काढलेले असतानाच पंप पूर्ण 24 तास चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरून. सुरुवातीला पंपातून वाळू घोळवल्यासारखा आवाज येतो, ती अडकलेली हवा. रेडिएटर हलकेच तिरपा केला की टाकीत बुडबुड्यांची रांग निघते आणि आवाज बसतो. दुसऱ्या दिवशी टिश्यू एक-एक उचलून उजेडात धरा. मसुराएवढा डागही दिसला तर तो जोड उघडा, ओ-रिंग बदला आणि 24 तास पहिल्यापासून मोजा.

जूनमध्ये पाऊस धरला की कूलर बंद होतो. तेव्हा बाहेरची हवाच तिशीच्या आसपास असते, रेडिएटर आहे तिथेच काम करतो. फक्त रेडिएटरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात पाणी आणखी थंड करायला चिलर किंवा बर्फ वापरू नका, हवेत एवढा ओलावा असतो की ब्लॉकच्या बाहेरून दव सुटेल. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलट पंखे बंद ठेवले तरी भागतं.

शेवटी व्हॉल्व्हवर मार्करने नावं लिहा: कोणता कोणत्या मशीनचा, कोणता मुख्य. तुम्ही ऑफिसात असताना फरशीवर ओल दिसली तर कोणतं बटण बंद करायचं आणि कोणता व्हॉल्व्ह आडवा करायचा, हे आईला किंवा घरी जे असतील त्यांना एकदा हाताने करून दाखवा. ओ-रिंगचं एक पाकीट, दोन क्लॅम्प आणि लिटरभर डिस्टिल्ड पाणी त्याच खिडकीखालच्या डब्यात राहू द्या.