मुलांचं शो-जंपिंग बघायला जाताय? या चुका टाळा

ज्युनियर गटांच्या शो-जंपिंगच्या, म्हणजे घोड्यावरून दांड्यांचे अडथळे ओलांडायच्या स्पर्धांत मी गेली कित्येक वर्षं मैदानात दांडे उचलायला उभा असतो. घोड्याने दांडा पाडला की पळत जायचं आणि तो पुन्हा जागेवर ठेवायचा. तिथून घोडे जवळून दिसतात, तसे कुंपणापलीकडचे प्रेक्षकही दिसतात. दरवर्षी त्याच त्या चुका बघतो, म्हणून हे लिहितोय.

राउंड संपायच्या आत टाळ्या वाजवू नका. एका स्पर्धेचा दुसरा दिवस होता. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, करड्या घोडीवर. तोपर्यंत दोन्ही दिवसांत तिचा एकही दांडा पडला नव्हता. शेवटी तिहेरी कॉम्बिनेशन होतं, म्हणजे ए, बी, सी असे लागोपाठचे तीन अडथळे, आणि मी सी पासून दहा पावलांवर उभा होतो. ए गेलं, बी गेलं आणि कुंपणाजवळ तिच्याच घरच्यांनी जोरात टाळ्या सुरू केल्या. घोडीचा डावा कान तिकडे वळलेला मला स्पष्ट दिसला. मग मान वर आली. मान वर आली की पाठ खाली दबते आणि मागचे पाय नीट आखडले जात नाहीत. सी होतं ऑक्सर, म्हणजे मागेपुढे दोन दांडे. पुढचा वाचला, मागच्याला खूर लागला. दांडा ज्यावर टेकलेला असतो त्या कपात क्षणभर डुलला आणि खाली आला. चार दोष, म्हणजे दंडाचे गुण.

मी तो उचलत असताना मागून आवाज आला, "जाऊ दे गं, एकच तर पडला!" प्रेमानेच म्हणाले ते. पण एका दांड्याचा अर्थ काय, हे त्या मुलीला ठाऊक होतं. माझी सवय सांगतो: शेवटची उडी, मग अंतिम रेषेचे झेंडे, मग घोडा संथ चालीवर येईपर्यंत हात कुंपणावरच. त्यानंतर हवं तेवढं कौतुक करा.

"आम्ही फायनललाच येतो" असं म्हणू नका. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. अजिंक्यपद अनेक फेऱ्यांचं असतं आणि दोष पुढे सोबत येतात. जागतिक अजिंक्यपदासारख्या मोठ्या स्पर्धांत पहिली फेरी वेगाची असते. तिथे पडलेला दांडा सेकंदांत मोजून वेळेत मिळवतात, मग त्या वेळेला ०.५ ने गुणतात. पहिल्याला शून्य, बाकीच्यांना त्याच्यापासूनचा फरक दोष म्हणून मिळतो. म्हणजे ४.२० सेकंद मागे राहिलेला पुढच्या फेरीत २.१० दोष घेऊन उतरतो. दांड्याचे दोष चार, त्यामुळे कितीतरी जण एका दांड्याच्या अंतरात अडकलेले असतात. हे माहीत नसेल तर शेवटच्या दिवशी एखादा मुलगा वळण लांब का घेतोय आणि दुसरा जीव टाकून आत का कापतोय, हे कसं कळणार? मोबाइलवर दोन उड्यांची क्लिप बघून खेळ समजत नाही. पहिल्या दिवशी या, स्टार्ट लिस्ट, म्हणजे स्पर्धकांच्या क्रमाची यादी घ्या, नावापुढे पेन्सिलीने दोष लिहा. प्रत्येक स्पर्धेचा नमुना वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या.

मध्येच घंटा वाजली म्हणजे मूल बाद झालं, असं नाही. घोडा अडला आणि अडथळाही पाडला, तर घंटा वाजते, घड्याळ थांबतं, आम्ही अडथळा पुन्हा लावतो. वेळेत सहा सेकंद वाढतात आणि मूल पुन्हा निघतं. तेव्हा हळहळत ओरडू नका, त्याला ऐकू जातं.

नजर फक्त दांड्यांवर ठेवू नका. उडी बिघडते ती बहुतेकदा आधीच्या वळणात.

घोड्याला काही भरवू नका. चॉकलेट तर मुळीच नाही. त्यातलं थिओब्रोमाइन घोड्यांसाठी बंदी असलेल्या द्रव्यांत येतं आणि तपासणीत सापडतं. गुळाचा खडाही मोतद्दाराला विचारल्याशिवाय देऊ नका.

छत्री कुंपणाशी उघडू नका. घोड्याच्या मागून जाऊ नका.

"किती महिन्यांत नॅशनलला जाईल?" असं विचारणारे आईबाप दर मोसमात भेटतात. त्यांना मी वॉर्म-अपच्या मैदानाकडे नेतो. एकच खालचा दांडा, त्यावरून तीच उडी पुन्हा पुन्हा घेणारी मुलं. अर्धा तास तिथे उभे राहा म्हणतो. बरेच जण पाच मिनिटांत चहाला जातात. जे थांबतात, त्यांची मुलं पुढे टिकलेली मी पाहिली आहेत.

मूल बाहेर आल्याबरोबर "काय झालं रे?" विचारू नका. त्याला उतरू द्या, खोगिराचा तंग सैल करू द्या, घोड्याला फिरवून श्वास खाली येऊ द्या. त्या दिवशी करड्या घोडीची मुलगी बाहेर आली, तेव्हा घरचे धावत आले. तिने एक हात वर करून त्यांना थांबवलं आणि दुसऱ्या हाताने घोडीची मान थोपटत राहिली. बऱ्याच वेळाने तिने रिकिबी वर केल्या आणि मग वडिलांकडे वळली.