गाडीत इन्व्हर्टर बसवताना

इन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवरून घरासारखी २३० व्होल्टची वीज देणारे उपकरण, म्हटले की धास्ती वाटते ती त्यातून बाहेर पडणाऱ्या २३० व्होल्टची, आणि ती रास्तही आहे. परंतु गाडीत आगीचा धोका असतो तो मुख्यतः १२ व्होल्टच्या बाजूला. १००० वॉटच्या उपकरणाला घरातल्या सॉकेटमधून साडेचार अँपिअरही लागत नाहीत. तेवढीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायची म्हटली की भागाकारानेच ८३ अँपिअर होतात, आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून प्रत्यक्षात सुमारे ९८ अँपिअर ओढले जातात. पुढची बहुतेक सगळी काळजी या एका आकड्यापोटी घ्यावी लागते.

आधी आपल्याला नेमके काय चालवायचे आहे ते ठरवावे. लॅपटॉपचा चार्जर किंवा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या एवढीच गरज असेल, तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा शंभर-सव्वाशे वॉटचा छोटा इन्व्हर्टर पुरतो आणि वायरिंगचा प्रश्नच येत नाही. त्या सॉकेटचा फ्यूज साधारणतः १० ते २० अँपिअरचा असतो. तो उडतो म्हणून त्याजागी मोठा फ्यूज घालणे म्हणजे डॅशबोर्डमागच्या बारीक वायरलाच फ्यूज बनवणे होय. दीडशे वॉटच्या पुढे मात्र थेट बॅटरीपासून स्वतंत्र केबल ओढावी. मोटार किंवा कॉम्प्रेसर असलेले उपकरण सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट शक्ती मागते, तेव्हा इन्व्हर्टरची क्षमता त्या हिशेबाने घ्यावी, आणि अशा उपकरणांसाठी प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) प्रकारच निवडावा. गाडीची यंत्रणा २४ व्होल्टची असेल तर इन्व्हर्टरही २४ व्होल्टचाच हवा. अशा गाडीतल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढल्यास त्या दोन्ही असमान चार्ज होऊन लवकर निकामी होतात.

जागा निवडताना बॉनेटखालची जागा वगळावी, कारण तेथील उष्णता आणि पाणी इन्व्हर्टरला सोसत नाही. सीटखाली किंवा डिकीत, पंख्याच्या जाळीसमोर हवा खेळती राहील अशा बेताने तो घट्ट बसवावा. भोक पाडण्यापूर्वी पत्र्याच्या पलीकडे इंधनाची टाकी, ब्रेकची नळी किंवा एअरबॅगची वायर नाही ना, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहावे.

केबलची जाडी हा या कामाचा गाभा आहे आणि नेमकी तिथेच काटकसर केली जाते. इन्व्हर्टर बॅटरीपासून दोन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर तांबे होते. १० चौरस मिलिमीटरच्या केबलमधून १०० अँपिअर गेल्यास या चार मीटरांत सुमारे ०.७ व्होल्ट हरवतात, म्हणजे ७० वॉट नुसती केबल तापवण्यात जातात. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ही घट ०.२ व्होल्टवर येते. म्हणून १००० वॉटसाठी एवढ्या अंतराला ३५ चौरस मिलिमीटर घ्यावी, आणि ती शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल दिसायला तेवढीच जाड असली तरी तिचा रोध बराच जास्त असतो. शक्य असेल तर इन्व्हर्टरच बॅटरीच्या जवळ आणावा आणि पुढची २३० व्होल्टची वायर लांब ठेवावी. ती बारीक चालते आणि स्वस्तही पडते.

केबलच्या टोकांना लग (बोल्टवर बसणारे धातूचे टोक) क्रिम्प करताना, म्हणजे दाबून घट्ट बसवताना, पकडीने दाबून भागत नाही, लगच्या मापाचे क्रिम्पिंग टूलच लागते. दाबून झाल्यावर लग शिकंज्यात धरून केबल जोर लावून ओढावी. जराही सरकली तर ते टोक कापून टाकून नव्याने करावे. सांध्यात केवळ एक मिलिओहमचा रोध राहिला तरी १०० अँपिअरला त्या एका ठिकाणी १० वॉट उष्णता निर्माण होते आणि प्लास्टिक मऊ पडू लागते. सांध्यावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी, आणि केबल जेथे पत्र्यातून आरपार जाते तेथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेपासून केबल जपणारी कडी) न विसरता बसवावे.

पॉझिटिव्ह केबलवरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ, शक्यतो २० सेंटिमीटरच्या आत असावा. फ्यूज इन्व्हर्टरसाठी नसून केबलसाठी असतो. तो इन्व्हर्टरजवळ बसवला तर वाटेत घासून पत्र्याला टेकलेल्या केबलला कोणाचेच संरक्षण उरत नाही. ९८ अँपिअरच्या सव्वापट, म्हणजे १२५ अँपिअरचा फ्यूज आपल्या उदाहरणात योग्य ठरतो. निगेटिव्ह केबलही तेवढ्याच जाडीची असावी. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असेल, तर केबल क्लॅम्पवर न जोडता गाडीची मूळ निगेटिव्ह वायर चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जेथे बोल्ट केलेली असते तेथे जोडावी, अन्यथा गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. इन्व्हर्टरच्या बॉडीवरचा अर्थिंगचा स्क्रू मोकळा सोडू नये.

काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह आधी काढावे आणि शेवटी जोडावे. मग पॉझिटिव्हवर असलेला पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. फ्यूज न बसवता सगळी जोडणी पूर्ण करावी. आता इन्व्हर्टरचे बटण बंद ठेवून, फ्यूज होल्डरच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्टचा २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब वायरने टेकवावा. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरत असताना तो क्षणभर उजळतो आणि विझत जातो. तसे झाले की बल्ब काढून लगेच फ्यूज बसवावा. एरवी येथे जी जोरदार ठिणगी पडते, ती मग पडत नाही. बल्ब मात्र प्रखर पेटलेलाच राहिला तर थांबावे: पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे जोडले गेले आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. ही पाच सेकंदांची चाचणी कोणत्याही सूचनापुस्तिकेपेक्षा मला अधिक भरवशाची वाटते, कारण उलट जोडणीत पूर्ण करंट मिळाला तर इन्व्हर्टर दुरुस्तीच्या पलीकडे जाऊ शकतो.

चाचणी इंजिन सुरू ठेवून, उघड्या जागेत करावी. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पूर्ण भार लावून मल्टिमीटरने बॅटरीवरचे आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजावे. दोहोंतील फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला तर एखादा सांधा कच्चा आहे. दहा मिनिटांनी प्रत्येक लगजवळ केबलच्या आवरणाला हात लावून पाहावे: कोमट चालेल, चटका बसता कामा नये. महिन्याभराने सगळे नट पुन्हा आवळावेत, कारण गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. इन्व्हर्टरचे आउटपुट घराच्या वायरिंगला कधीही जोडू नये.

राहता राहिला वापर. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद होतात, पण तोवर बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका जोर उरलेला नसतो, तेव्हा मोठा भार इंजिन चालू असतानाच घ्यावा. शिवाय काहीही न जोडता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर ०.७ अँपिअर घेत असेल तर दिवसाला १७ अँपिअर-तास संपवतो, आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत गाडी सुरू करण्याच्या लायकीची राहत नाही. म्हणून बॅटरीजवळ आयसोलेटर स्विच (इन्व्हर्टरला जाणारी वीज पूर्ण तोडणारा) बसवून घ्यावा आणि गाडी लावून जाताना तो बंद करावा.